कच्च्या रेषा : सेंट आइव्ह्जचे चार दिवस

दिवस पहिला

"लंडन झालं मावशी, आता कुठे? स्कॉटलंड की लेक डिस्ट्रिक्ट?" केतकीने विचारलं. केतकी माझी भाची. रेडिंगच्या एका इस्पितळात ऑपरेशन थिएटरची नर्स आहे आणि तिने माझ्यासाठी चार दिवसांची रजा काढली होती.

"सेंट आइव्ह्ज," मी म्हटलं.

तिने मोबाइलवर नकाशा उघडला. "अगं, हे तर इंग्लंडच्या पार शेंड्याला! काय आहे तिथे?"

"एका बाईंनी रात्री बसून काढलेली चित्रं."

पुढे तिने काही विचारलं नाही. आमच्या घरात माझ्याबद्दल तेवढी समजूत आहे.

कलाशिक्षक पदविकेला असताना आमच्या सरांकडे परदेशी शिल्पकारांवरचं एक जाडजूड पुस्तक होतं. त्यात बार्बरा हेपवर्थ यांच्या भोकं पाडलेल्या दगडी शिल्पांचे फोटो होते, आणि एका पानाच्या कोपऱ्यात काडेपेटीएवढं एक रेखाचित्र. पेन्सिलच्या पुष्कळ सरळ रेषा, एकमेकींना छेदणाऱ्या, आणि मधे एक गडद ठिपका. छपाई काळी-पांढरी, त्यामुळे ठिपका कुठल्या रंगाचा ते कळायला मार्ग नव्हता. सर म्हणाले होते, "शिल्पाचा कच्चा आराखडा असेल." मला ते पटलं नव्हतं, पण तेव्हा सरांना तसं म्हणायची पद्धत नव्हती. पुढे साताऱ्याच्या शाळेत तीसेक वर्षं चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांची पोरं तयार केली, आणि भूमितीचा पेपर शिकवताना दरवर्षी ते चित्र आठवायचं. का, ते तिसऱ्या दिवशी सांगते.

रेडिंगहून गाडीने साधारण पाच तास. जाताना डावीकडची खिडकी धरा. डॉलिशला रूळ समुद्राला इतके खेटून जातात की काचेवर खारट तुषार आहेत की पाऊस, कळत नाही. प्लिमथ सोडलं की टेमर नदीवरचा जुना लोखंडी पूल लागतो. त्याच्या कमानीवर ब्रुनेल या अभियंत्याचं नाव आणि १८५९ हे साल मोठ्या अक्षरांत लिहिलंय. पलीकडे कॉर्नवॉल. सेंट अर्थला गाडी बदलून छोट्या शटलमध्ये बसलो, आणि आता जागा उजवीकडची. खाडी, वाळूच्या टेकड्या आणि मग एकदम सेंट आइव्ह्जचा उपसागर. डबा क्षणभर गप्प झाला. शेजारचे आजोबा रोजचे असावेत, तेही पेपर खाली करून बघत होते.

खोली उंचावर होती. गाव असं की गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटायचं. बॅगेची चाकं दगडी पायऱ्यांवर काही कामाची नाहीत. बॅग मी उचलली की केतकीने, यावर आमचं अजून एकमत नाही.

दिवस दुसरा

सकाळी ट्रेविन स्टुडिओ. हेपवर्थबाईंनी ही जागा १९४९ साली लिलावात घेतली आणि पुढे मरेपर्यंत इथेच राहिल्या, काम केलं. २० मे १९७५ च्या रात्री याच घराला आग लागली आणि त्यात त्या गेल्या. वय ७२. घरच्यांनी पुढच्याच वर्षी इथे संग्रहालय उघडलं, १९८० पासून ते टेट या ब्रिटिश कलासंग्रहालय संस्थेकडे आहे. रस्त्यावरून दिसते ती नुसती एक उंच भिंत. तिच्यामागे एवढी बाग असेल असं वाटत नाही.

बाग शिल्पांसाठी लावलेली आहे. म्हणजे आधी झाडं आणि मग त्यांत पुतळे, असं नाही. बांबूच्या बेटापलीकडे ब्राँझ, पामसारख्या झाडांच्या सावलीत दगड, आणि वळणावर 'फोर-स्क्वेअर' हे १९६६ सालचं माणसापेक्षा उंच काम. चार चौकोनी पाट्या, त्यांना गोल भोकं, आणि मधून माणसाने चालत जावं अशी रचना. एका भोकातून दुसरं भोक, त्यातून चर्चचा मनोरा. मी जागा बदलत राहिले आणि केतकी फोटो काढायचं सोडून माझ्याकडे बघत राहिली.

पण माझा जीव अडकला तो दगडकामाच्या खोलीत. आत जाता येत नाही, काचेतून बघायचं. हातोडे, कानशी, खडूसारखी पांढरी धूळ, खुंटीवर कामाचे कपडे, आणि अर्धवट राहिलेले दगड. आमच्याकडे पाथरवटाच्या अंगणात असतो तसाच पसारा. टाक्या, म्हणजे छिन्न्या, मात्र आकाराप्रमाणे लावलेल्या. पाथरवटाची टाकी म्हणजे काय ते केतकीला सांगावं लागलं. तिला टाके माहीत, टाकी नाही.

बाई दगडावर थेट काम करत. आधी मातीत नमुना करायचा आणि मग कारागिराकडून तो दगडात उतरवून घ्यायचा, ही जुनी रीत त्यांनी तरुणपणीच सोडली. डावा हात विचार करतो, उजवा नुसता राबतो, असं त्या म्हणत. दगडावर डाव्या हाताचा तळवा ठेवलेले त्यांचे फोटो आहेत. ते बघताना मला आजी आठवली, ताटलीत भाकरी थापताना डाव्या हाताने कड सावरणारी. (उपमा बाईंना आवडली नसती. आजीलाही नसती.)

दुपारी बंदरावर पेस्टी घेतली. ज्यांनी खाल्ली नसेल त्यांच्यासाठी: करंजीची थोरली बहीण. तळलेली नाही, भाजलेली. आत बटाटा, कांदा, सलगमसारखा एक कंद, आणि एरवी मांस, माझ्यात चीज. कडेची मुरड मात्र अस्सल, आईने दिली असती तर शाबासकी मिळवणारी. मुरडीचं कौतुक करायला मी पेस्टी नाकासमोर धरली आणि मागून एक पांढरा झपाटा आला. समुद्रपक्षी! कोंबडीएवढा. अर्धी करंजी त्याच्या चोचीत आणि अर्धी माझ्या शालीवर. 'पक्ष्यांना खाऊ घालू नका' अशी पाटी समोरच होती. मी कुठे घालत होते?

संध्याकाळी गावातल्या चर्चमध्ये गेलो. एका बाजूच्या छोट्या प्रार्थनाघरात हेपवर्थबाईंनी केलेली आई आणि बाळाची दगडी मूर्ती आहे. त्यांचा थोरला मुलगा पॉल हवाई दलात होता. १९५३ साली थायलंडवर त्याचं विमान कोसळलं, त्याच्या आठवणीसाठी ही १९५४ ची मूर्ती. एरवी बाईंच्या शिल्पांत माणूस शोधावा लागतो. इथे तो सरळ समोर आहे, बाळाने आईकडे मान वळवली आहे. आम्ही तिथे बराच वेळ बसलो आणि बोललो काहीच नाही.

दिवस तिसरा

टेट सेंट आइव्ह्ज पोर्थमिअर किनाऱ्यावर, रस्त्याला लागूनच. पूर्वी इथे गॅसचा कारखाना होता, म्हणून १९९३ साली उघडलेल्या या इमारतीचा दर्शनी भाग जुन्या गॅसटाकीसारखा गोल ठेवला. २०१७ मध्ये मागे खडक फोडून नवं दालन केलं. संग्रहालयात मांडणी बदलत असते, त्यामुळे काडेपेटीएवढं 'माझं' चित्र तिथे भेटेल अशी आशा मी ठेवली नव्हती. ते भेटलंही नाही. भेटली त्याची बहीण, त्याच काळातली. रेषांचा स्वभाव तोच, अंगावर रंग.

मी आधी लांबून बघितलं, मग नाक काचेला लागेल इतकं जवळून. दालनातले रखवालदार खाकरले. मी मागे सरकले. पाच मिनिटांनी ते स्वतःच आले आणि म्हणाले, डावीकडून बघा, प्रकाश तिरका पडतो, ओरखडे दिसतात.

खरंच दिसले. कागद वाटत होता तो पांढऱ्या थराचा होता, आणि तो थर पात्याने खरवडलेला, घासलेला. भिंतीला चुना देऊन वरून पॉलिश पेपर मारल्यावर होतो तसा काहीसा. त्यावर पेन्सिल. एका वक्र कडेवरच्या बिंदूंपासून समोरच्या कडेपर्यंत सरळ रेषा, पंख्याच्या काड्यांसारख्या, आणि त्यांना कापणारा दुसरा पंखा. जिथे रेषा दाट, तिथे स्फटिकासारखे पैलू उठलेले. पेन्सिल काही ठिकाणी इतकी दाबलेली की रेषेची खाच झाली आहे. एक रेष कडेच्या पुढे दोनेक मिलिमीटर निसटली आहे, ती खोडलेली नाही. आणि पैलूंच्या गराड्यात एक लहानसा तुकडा लाल. कुंकवाचा नव्हे, विटेचा नव्हे. जास्वंदीच्या कळीचा म्हणू या. चाळीस वर्षांनी ठिपक्याचा रंग कळला, निदान बहिणीचा तरी.

आता भूमितीच्या पेपराचं सांगते. कर्तव्यभूमिती शिकवताना आम्ही पोरांच्या डोक्यात एक गोष्ट भरतो: कच्च्या रेषा फिकट, उत्तराची रेष ठळक. कंपासचे कंस, टोकं जोडणाऱ्या रेषा हे सगळं आधाराचं सामान, बांधकामाच्या परांचीसारखं. काम झालं की ते नजरेत येता कामा नये. कच्ची रेष ठळक काढली म्हणून मी किती पोरांचे मार्क कापले असतील! आणि इथे या बाईंनी सगळ्या कच्च्या रेषाच ठेवल्या आहेत. उत्तराची ठळक रेष नाहीच. आकार दिसतो तो रेषांच्या ओढीमुळे, कुणी त्याची कड काढली म्हणून नाही.

शाळेत पोरं प्लायवर खिळे ठोकून रंगीत दोऱ्यांची नक्षी करतात. सगळे दोरे सरळ, तरी मधे गोलाई तयार होते, आणि दरवर्षी एखादं पोर ओरडतं, "बाई, मी वाकडं काहीच केलं नाही!" हेपवर्थबाईंनी १९३९-४० पासून शिल्पांच्या पोकळीत खऱ्या दोऱ्या ताणायला सुरुवात केली. त्याआधी हेन्री मूर यांनी लंडनच्या सायन्स म्युझियममधल्या गणिताच्या दोरीच्या नमुन्यांवरून तसली शिल्पं केली होती, आणि युद्धकाळात बाईंच्या जवळच राहणारे रशियन शिल्पकार नाउम गाबो पारदर्शक प्लास्टिकवर नायलॉनचे धागे गुंडाळत होते. कोणी कोणाचं उचललं यावर अभ्यासक वाद घालतात. मला त्यात रस नाही. एकाच गल्लीत तीन सुगरणी असल्या की फोडणीचा वास सगळ्यांच्याच घरात जातो. बाईंनी स्वतः सांगितलंय की दोरी म्हणजे आपण आणि समुद्र, वारा, डोंगर यांच्यामधला ताण. मूर यांच्या दोऱ्या बघून मला गणित आठवतं, बाईंच्या दोऱ्या बघून वाऱ्यावरची वाळत घातलेली धुणी. हे माझं मत.

आणि ही चित्रं काढली केव्हा? १९३९ च्या ऑगस्टमध्ये, महायुद्ध जाहीर व्हायला थोडेच दिवस असताना, त्या नवरा बेन निकल्सन आणि तिळ्या मुलांना घेऊन लंडनहून इथे आल्या. तिळी पाच वर्षांचीही नव्हती. कार्बिस बे या शेजारच्या गावात, आधी एका मित्राच्या घरी, मग भाड्याने. दगड नाही, कोरायला जागा नाही, पैसा नाही. दिवसभर मुलं, एक छोटी बालवाडी, परसातला भाजीपाला. मोकळा वेळ मिळायचा तो सगळे झोपल्यावर. रात्री दगडावर हातोडा मारला तर घर उठेल, पेन्सिल आवाज करत नाही. १९४३ च्या सुमारास मोठ्या घरात पुन्हा कोरायची सोय होईपर्यंत कमीजास्त असंच चाललं.

हे माहीत असलं की सरांचा 'कच्चा आराखडा' गळून पडतो. ज्या बाई दगडालाही आधी नमुना करत नव्हत्या, त्या कागदावर आराखडे कशाला करतील? या चित्रांवरून सहसा कोणतंही ठरावीक शिल्प झालेलं नाही. त्यांनी कागदच कोरला. थर द्यायचा, तो घासायचा, पात्याने खरवडायचा, पेन्सिलीने खाच पाडायची. हात तेच करत होते जे ते दगडात करत. फक्त दगड नव्हता. काही चित्रांच्या नावात 'शिल्प' आणि 'रंग' हे दोन्ही शब्द आहेत, ते उगाच नाहीत.

मी हे सगळं केतकीला दबक्या आवाजात सांगत होते. तिचं अर्धं लक्ष. मग दुकानात पोस्टकार्डं चाळताना एका कार्डावर ती थबकली. हेपवर्थबाईंचंच चित्र, पण अमूर्त नाही. हिरवट-निळ्या झग्यातले शल्यचिकित्सक, तोंडावर पट्ट्या, डोळे आणि हात एवढंच उघडं.

"हे कोणी काढलं? हिने? ही आत उभी होती?"

होती. १९४४ मध्ये त्यांच्या तिळ्यांपैकी साराला हाडाचा आजार झाला. एक्सेटरच्या इस्पितळात नॉर्मन केपनर या सर्जननी उपचार केले, त्यांच्याशी ओळख झाली आणि त्यांनी १९४७ मध्ये बाईंना शस्त्रक्रिया बघायला बोलावलं. पुढच्या दोनेक वर्षांत एक्सेटर आणि लंडनमध्ये उभं राहून बघून त्यांनी ८० च्या आसपास चित्रं केली. सर्जन आणि शिल्पकार यांचं काम सारखंच, असं त्यांना वाटे.

केतकी कार्ड उजेडात धरून बघत होती. "मावशी, थिएटरमध्ये आम्ही एकमेकांना असेच ओळखतो. डोळे आणि हात. सर्जनच्या हातावर माझी नजर असते, तो मागायच्या आधी वस्तू द्यायची असते. बघ, ही मागची नर्स कुठे बघतेय. कॅमेऱ्याकडे नाही, सर्जनच्या तोंडाकडेही नाही. हाताकडे." मग मला ओढत पुन्हा वर घेऊन गेली, त्या रेषांच्या चित्रासमोर. "हे आता कळलं. हा धागा आहे. टाका घालताना दोन्ही कडांना सारखा ताण लागतो. जास्त ओढला की कातडी गोळा होते, कमी ओढला की फट राहते. ही प्रत्येक रेष सारख्या ताणाची आहे."

तीस वर्षं शिकवून मला जे सांगता आलं नसतं ते तिने दोन मिनिटांत सांगितलं, आणि मग कॉफी प्यायला वर गेली. मी आणखी अर्धा तास तिथेच. रखवालदारांनी खुर्ची आणून दिली.

दिवस चौथा

मेन-अन-टोल म्हणजे भोक असलेला प्राचीन दगड बघायचा होता. त्यातून रांगत गेलं की पाठदुखी जाते म्हणतात. बस चुकली. पाठ आहे तशी आहे.

म्हणून किनाऱ्याच्या पायवाटेने कार्बिस बेला चालत गेलो. वाट सोपी, पण चढउतार आहेत. गुडघे असतील त्यांनी काठी घ्यावी. वर पोचल्यावर उपसागर पूर्ण दिसतो. डावीकडे सेंट आइव्ह्जची भूशिरं, उजवीकडे दूर गॉड्रेव्हीचं दीपगृह, आणि दोन्ही बाजूंनी जमिनीचे दोन हात समुद्राला कवेत घेताहेत. बाईंच्या खिडकीतून हेच दिसायचं. १९४६ चं 'पेलागॉस' हे लाकडी शिल्प यावरूनच झालं: एल्मच्या लाकडाचा पोकळ गोळा, आतून फिकट निळा रंगवलेला, आणि दोन टोकांमध्ये ताणलेल्या दोऱ्या. ते लंडनच्या टेटकडे आहे. मी फोटो बघून आले होते, आता समोर नकाशा बघत होते. वारा इतका की केतकीची ओढणी सरळ रेषेत उभी राहिली होती.

बाईंची कबर इथल्याच लाँगस्टोन दफनभूमीत आहे. तिथे जाऊन दोन मिनिटं उभे राहिलो. फुलं मिळाली नाहीत, मग केतकीने कुंपणाजवळची जांभळी रानफुलं ठेवली.

बॅग सोबतच होती, म्हणून परत न जाता कार्बिस बेच्याच स्टेशनवर शटल पकडली. येताना उजवीकडे बसलात तर परतताना डावीकडे. पर्समध्ये पेन्सिल होती. कागद म्हणून पेस्टीची कागदी पिशवी उलटी केली, तेलाचा डाग सोडून. पट्टी नव्हती, तिकिटाची कड घेतली. कालचं चित्र आठवून काढायला लागले. पोरांना स्मरणचित्र शिकवताना मी फार कडक असायचे, आता सेंट अर्थपर्यंत दहाएक मिनिटं होती. पहिला पंखा जमला. दुसऱ्याच्या चौथ्या रेषेला गाडी लेलंटपाशी वळली, तिकीट सरकलं आणि रेष कडेच्या बाहेर गेली. खोडरबर बॅगेत होता आणि बॅग वरच्या फळीवर.

"काढून देऊ का?" केतकी म्हणाली.

"नको, बस," मी म्हटलं आणि पाचवी रेष घेतली.